पाठीतली नळी

मी नागझिऱ्यात गाइड आहे. जिप्सीत ड्रायव्हरच्या बाजूला बसते आणि मागं वळून पाहुण्यांना सांगते की वाघ झाडाच्या खोडावर मुतून आपली हद्द आखतो, आणि त्या मुताचा वास शिजत्या सुवासिक चिन्नोर भातासारखा येतो. पाहुणे हसतात, नाक पुढं करून हुंगतात, झाडाचा फोटो काढतात. वाघाच्या मुताबद्दल इतकी वर्षं मी मोठ्यानं बोलत आले. स्वतःच्या लघवीबद्दल मात्र नवऱ्याजवळसुद्धा कधी बोलले नाही. त्यापायी माझी डावी किडनी जायला निघाली होती. माझ्यासारख्या अजून पुष्कळ बाया गपचूप बसून आहेत, म्हणून हे लिहिते आहे. वाचून कुणाला लाज वाटली तर वाटू द्या.

जंगलात गाडीतून खाली उतरायचं नाही, हा नियम. तो मीच पाहुण्यांना गेटवर दरडावून सांगते. उतरायच्या ठरलेल्या जागा आहेत, आत चौकीजवळ संडासही आहे. पण तिथं वनरक्षक, मजूर, सगळे पुरुष. गाडीत पुढं ड्रायव्हर, मागं परगावचे पाहुणे. त्या सगळ्यांसमोर 'गाडी चौकीवर घ्या, मला जायचं आहे' असं म्हणायला माझं तोंड उघडत नव्हतं. पुरुष गाइडांना काय, ते गेटवर गाडी थांबली की झाडामागं जाऊन येतात. मी सोपा रस्ता काढला होता. सफारीला निघायच्या आधीपासून पाणीच प्यायचं नाही. मे महिन्यातसुद्धा नाही. पाहुण्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या असायच्या, ते 'घ्या ना ताई' म्हणायचे. मी म्हणायचे, मला सवय आहे.

आणि तरी लागलीच तर धरून ठेवायची. त्यात मी पटाईत झाले होते. त्याचा मला अभिमान वाटायचा, हे आता सांगताना माझं मलाच हसू येतं.

* * *

त्या उन्हाळ्यात डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली, मागच्या अंगाला दुखायला लागलं. दुखणं यायचं, जायचं. बसू देईना, आडवी पडू देईना. मी घरात येरझारा घालायचे. उठायचं, ओट्यावर जायचं, परत आत यायचं. लघवीला जळजळ होत होती, तीही थोडीथोडीच व्हायची. ते मी कुणाला सांगितलं नाही. पाठ दुखते, एवढंच सांगितलं.

माझी सासू, तिला मी आत्या म्हणते, ती म्हणाली, "जिप्सीत उसळून उसळून लचक भरली तुले. पायाळू माणसाचा पाय लावून घे."

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले असं माणूस. त्याचा पाय पाठीला लागला की लचक उतरते, असं आमच्याकडं मानतात. यातली गंमत अशी की गावात पायाळू मीच. धानाच्या रोवणीच्या दिवसांत सकाळी आमच्या अंगणात बाया ओणव्या उभ्या असतात आणि मी एकेकीच्या कमरेला पाय लावत जाते. कुणी नारळ देते, कुणी नुसती हसून जाते.

मी म्हटलं, "आत्या, मी सोताच पायाळू. मले कशी लचक भरंल?"

"डॉक्टर बिमार नाही पडत का? चूप बस."

बाजूच्या टोलीवरून, म्हणजे वाडीवरून, ठकूबाई आली. तीही पायाळू, आणि अंगानं चांगली भरलेली. मला भिंतीला हात टेकवून उभं केलं. तिनं पाय ठेवला तो नेमका दुखत होतं तिथंच. मग देवाचं नाव घेऊन दाबला.

डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी खाली बसले आणि तिथंच ओकले. ठकूबाई घाबरून म्हणाली, "उतरली का व लचक?" संध्याकाळी भर उन्हाळ्यात मला थंडी वाजायला लागली. गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. माझा नवरा तेजराम बांधावरून आला, माझ्या कपाळाला हात लावला, आणि तसाच शेजाऱ्याची गाडी काढायला गेला.

* * *

गोंदियाच्या दवाखान्यात सोनोग्राफी केली. पोटावर थंडगार मलम लावून डॉक्टर यंत्र फिरवत होते. उजव्या बाजूला असताना बोलत होते, गाव कोणतं, मुलं किती. डाव्या बाजूला आले आणि बोलायचे थांबले. मला तेव्हाच कळलं. जंगलात पाखरं एकदम चूप झाली की जसं कळतं तसं.

"दिवसभरात पाणी किती पिता?" त्यांनी विचारलं.

"ड्यूटीवर असली की नाही पीत."

"का?"

मी तेजरामकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता. मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, जळजळीसकट, ठकूबाईच्या पायासकट. बोलताना मी भिंतीकडं बघत होते. डॉक्टर शांतपणे ऐकत होते, तेजरामचा चेहरा मात्र लाल झाला.

"मले काऊन नाही सांगितलं?" तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत एकदा तरी सांगायचं."

"तू विचारलं का कधी?"

त्यानं खुर्ची ओढून घेतली.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पाठीच्या दोन्ही अंगांना, बरगड्यांच्या आडोशाला मुठीएवढ्या दोन किडन्या. अंगातलं सगळं रक्त त्यांच्यातून सारखं फिरत असतं. त्या रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी वेगळं काढतात, तीच लघवी. ती एका बारीक नळीतून थेंबथेंब खाली ओटीपोटातल्या पिशवीत उतरते. पिशवी भरली की आपल्याला लागते. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते, त्यातले क्षार साचून खडा बनतो. धरून ठेवली की जंतू वाढतात. माझा खडा डाव्या नळीत अडकला होता, त्याच्या वर लघवी तुंबली होती, आणि तुंबलेल्या लघवीत पू झाला होता.

तेजराम चित्राकडं बघत म्हणाला, "म्हणजे बोडीची मोरी गाळानं बुजली, अन् वरून पाणी येऊनच राहिलं. मंग पाळ फुटते." बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहान तळं.

"तेच," डॉक्टर म्हणाले. "आणि त्या पाळीवर कुणीतरी पाय दिला."

आत्या दाराशी उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

खडा लगेच काढता येणार नव्हता. आधी पू बाहेर काढायचा. त्यासाठी पाठीतून थेट किडनीत नळी घालायची आणि तिला थैली जोडायची. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. थैलीत पुढचे काही दिवस काय येतं, त्यावर सगळं ठरेल. चांगली लघवी यायला लागली तर किडनी जिवंत आहे. नाही आली तर ती मेलेली आहे आणि काढून टाकावी लागेल.

"एका किडनीवर माणूस जगतो," ते म्हणाले.

"जगतो, पण मले उन्हातान्हात जिप्सीत बसता येईल का?"

"ते मग बघू. तेव्हा फार जपावं लागेल."

तेजरामनं मध्येच सांगून टाकलं, "एक राहो का दोन, जंगल बंद."

मला त्याचा इतका राग आला की भीती वाटायची राहून गेली.

* * *

नळी घालताना जागा बधिर करतात. दुखतं त्यापेक्षा पालथं पडून राहणं जड जातं. कुणाला घालायची असेल तर त्यानं एवढंच लक्षात ठेवावं, की ते लवकर संपतं. पहिल्यांदा थैलीत जे आलं ते बघवलं नाही. पण ते बाहेर आलं आणि माझा ताप उतरायला लागला.

मग सुरू झालं पडून राहणं. मला ते जमत नाही. सिस्टर छत्तीसगडच्या होत्या, प्रेमळ. सारख्या म्हणायच्या, "दीदी, आराम से लेटो ना." मी पडायचे आणि परत उठायचे. चादर सरळ कर, खिडकी उघड, खिडकी लाव. बाजूच्या खाटेवरची बाई वैतागून म्हणाली, "बाप्पा, तुमच्या पायाले भोवरा बांधला का?" दर थोड्या वेळानं मी थैलीकडं वाकून बघायचे. पाणवठ्यावर वाघाची वाट बघत मी पाहुण्यांना गप्प बसवते, धीर धरा म्हणते. इथं माझ्याच्यानं धीर धरवत नव्हता. कधी लालसर यायचं, कधी गढूळ, कधी नुसते दोनचार थेंब. डॉक्टर बघायचे आणि म्हणायचे, बघू.

घरी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायचे दिवस आले होते. तेजराम सकाळी शेतात, दुपारी गोंदियाला, परत घरी. पोरीला सौंदडला माझ्या माहेरी पाठवली होती. फोनवर ती विचारायची, आई, तुझी नळी कधी निघणार. तेजराम यायचा तेव्हा आम्ही भांडायचो. तो म्हणायचा, माझं ऐकलं असतं तर. मी म्हणायचे, तू कधी काय सांगितलं होतं. खरं तर दोघंही घाबरलो होतो आणि भांडणाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

माझ्याजवळ आत्या राहायची. तिची वेगळीच तऱ्हा. दवाखान्यातला संडास खुर्चीचा, तिला त्यावर बसता येईना. म्हणून तिनं पाणी पिणंच सोडलं. मला दिवसभर ग्लास भरभरून पाजायची आणि स्वतः ओठ कोरडे करून बसायची. मी म्हटलं, "आत्या, तुम्ही काऊन नाही पीत?"

"मले सवय आहे," ती म्हणाली.

माझंच वाक्य माझ्यासमोर येऊन बसलं होतं.

* * *

एके दिवशी सकाळी गावाकडून माणसं भेटायला आली. माझे जेठ, म्हणजे मोठे दीर, चुलत सासरे, अजून दोघंतिघं. डोक्यावर पदर घेऊन मी पडले होते. ते बसले, चहा प्याले, धानाच्या गोष्टी केल्या, आणि 'लवकर बरी हो सूनबाई' म्हणून गेले. त्या दिवशी मी जरा झोपले. सगळ्यांना बरं वाटलं, की बया एकदाची शांत पडली.

दुपारी जाग आली तेव्हा पाठ ठणकत होती. ती जुनी कळ. अंग कढत होतं. मी वाकून थैली बघायला गेले तर ती गोधडीच्या आत होती. सिस्टरनं काढून बघितली. कोरडी. सकाळपासून त्यात काही आलंच नव्हतं. सिस्टरचा चेहरा उतरला. त्यांनी बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन केला. परत आल्या तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सर अभी ऑपरेशन में हैं. शाम को आके देखेंगे. आप बस लेटी रहो."

मी समजले. किडनी गेली. मेली ती. आता कापून काढणार, आणि मी घरी बसणार, तेजराम म्हणतो तसं. पहाटेचं गेट, ओल्या मातीवरचे पंजे, पाहुण्यांना गप्प करणारा माझा आवाज, सगळं संपलं. मला रडू आलं नाही. मला तिथं पडून राहवेना, एवढंच. हातपाय स्वस्थ राहत नव्हते.

"कुठं जाऊन राहिली?" आत्या म्हणाली.

"चालते थोडं."

"सिस्टरनं पडून राहा म्हटलं ना. पड."

"आत्या, मी पडली तर मरून जाईन."

मी उठले. आत्यानं माझा हात धरला, मी सोडवून घेतला. कंबरेला काहीतरी काचत होतं. बघते तर जुन्या लुगड्याची एक पट्टी कंबरेभोवती घट्ट आवळलेली, आणि माझी नळी त्या पट्टीच्या आत दुमडून खोचलेली. मी दोन पावलं टाकली आणि ओढून पट्टी सोडली. नळी सुटून सरळ झाली.

आधी काही झालं नाही. मग नळी गरम लागली. आणि तिच्यातून लघवी खाली उतरायला लागली. पिवळी, नितळ, पाण्यासारखी. थेंब नाही, धार. थैलीचा तळ झाकला, वर चढली. पाठीतली कळ ओसरत गेली. मी खाटेचा दांडा धरून उभी होते आणि ओरडत होते, "सिस्टर, इकडं या, आधी इकडं या."

सिस्टर धावत आल्या. थैली बघितली, नळी बघितली, हातातली पट्टी बघितली. "ये किसने बाँधा?"

आत्यानं मान खाली घातली.

मग माझा तोल गेला. "तुम्ही बांधली? माह्या जिवावर उठली का तुम्ही? आधी ठकूबाईचा पाय, आता हे."

"जेठ, सासरे येऊन राहिले होते," आत्या म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "त्यांच्यापुढं मुताची थैली अशी लटकवून ठेवू का? तुलेच लाज वाटली असती. म्हणून ते यायच्या आधी तुह्या झोपेत बांधली."

"लटकवा. दारावरच्या तोरणासारखी लटकवा. साऱ्या गावाले दिसू द्या."

आत्या मटकन खाली बसली. रडली. मला तिची दया आली नाही, तेव्हा नाही आली. दया नंतर आली, जेव्हा मला आठवलं की मीही तेच केलं होतं. फक्त मी बाहेरून पट्टी बांधली नव्हती.

संध्याकाळी डॉक्टर आले. थैली दिव्यासमोर धरून बघितली. मग म्हणाले, "किडनी जिवंत आहे. चांगली जिवंत आहे." आणि माझ्याकडं बघून, "तुम्हाला पडून राहता येत नाही, ते आज बरं झालं."

दुसऱ्या दिवशी माझे मामा भेटायला आले. आत्यानं त्यांना बसायला दिलं आणि चहाच्या आधी थैलीकडं बोट दाखवलं. "पाहा जी, सकाळपासून किती भरली. अन् रंग पाहा." मामांनी घाईघाईनं खिडकीबाहेर बघितलं. त्या दिवशी दवाखान्यात आल्यापासून मी पहिल्यांदा पोट धरून हसले, पाठीत नळी असताना हसू नये इतकं.

* * *

नंतर खडा काढला. पाठीतली नळी निघाली, आत एक बारीक नळी काही दिवस ठेवली, तीही निघाली. आतली नळी असताना सारखी लागल्यासारखी वाटते, घाबरू नका. नागपूरला एकदा तपासणी झाली. डावी किडनी उजवीइतकी काम करत नाही, पण करते. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. पाणी भरपूर, आणि लागली की जायचं, कुठंही असा, कुणाहीसमोर असा.

रोवणी लागली. बाया परत अंगणात आल्या, कंबर धरून. मी अजून पाय लावते. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं. पण आधी विचारते, कुशीत दुखते का, जळजळ होते का, धानाच्या बांदीत उतरल्यापासून पाणी प्याली का. पहिल्यांदा एकमेकींकडं बघून खिदळल्या. मग एक जण मागं राहिली आणि हळू आवाजात सांगायला लागली. तिच्या पाठीला मी पाय लावला नाही. तेजरामला सांगून तिला तालुक्याच्या दवाखान्यात पाठवली. आत्या आता रोवणीला जाताना स्वतःची पाण्याची बाटली नेते, आणि बांधाआड जाताना बाकीच्यांनाही हाक मारते, "चला व, सगळ्या चला."

तेजरामशी जंगलावरून अजून एकदा कडाक्याचं भांडण झालं. शेवटी तो म्हणाला, "जा. पण तोंड उघडशील का तिथं?" मी म्हटलं, उघडीन. त्याचा विश्वास बसला नाही. माझाही पूर्ण नव्हता.

पावसाळ्यात जंगल बंद असतं. उघडलं त्याच्या पहिल्या आठवड्यातच माझी ड्यूटी लागली. गाडीत शहरातलं एक कुटुंब, नवरा, बायको, आजोबा, मोठे मोठे कॅमेरे. मी बाटलीभर पाणी पिऊन निघाले होते. तळ्याच्या अलीकडं आलो आणि चितळ ओरडायला लागलं. मग माकड. वाघ जवळ असला की ते असा इशारा देतात. ड्रायव्हर मुन्नाभाई ताठ झाला. "दीदी, कॉल चालू है. तालाब की तरफ." मागं कॅमेरे सरसावले. आणि मला नेमकी तेव्हाच लागली.

चौकी उलट्या दिशेला. मी दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला. ती जुनी सवय आली, पोट आत ओढून घ्यायची. मला येत होती अजून, सगळी येत होती. कुणाला कळलंही नसतं.

"मुन्नाभाई," मी म्हटलं, "गाडी चौकीवर घ्या. मला पेशाबला जायचं आहे."

"अभी?"

"अभी."

मागून साहेबांचा आवाज आला, "अहो ताई, वाघ निघून जाईल."

मी वळून त्यांच्याकडं बघितलं. भिंतीकडं नाही. "वाघ थांबला तर थांबेल," मी म्हटलं. "माझी किडनी थांबणार नाही."

मुन्नाभाईनं गाडी वळवली. चितळ मागं ओरडत राहिलं. चौकीवर गाडी थांबली, वनरक्षक खाटेवरून उठून बघायला लागले. मी खाली उतरले, संडासाच्या दाराची कडी काढली, आणि मागं पावलं ऐकू आली. साहेबांची बायको गाडीतून उतरून माझ्या मागं येत होती.

"तुमचं झालं की मी जाते," ती म्हणाली. "हॉटेलपासून धरून बसले आहे."

मी बाजूला झाले आणि तिला आधी जाऊ दिलं.